सॅल्यूटला अडलेला कोट

तुमच्या घरातली एखादी वस्तू कोणी नेली आणि तिच्यासारखीच दुसरी आणून ठेवली, तर ‘ही आमची नाही’ हे तुम्ही कशाच्या जोरावर सिद्ध कराल? पावती नाही. साक्षीदार नाही. घरची माणसंच म्हणताहेत, तुला भास झालाय. सांगा, चढाल पोलीस ठाण्याची पायरी?

निडी गावच्या एका आजी चढल्या. मी तेव्हा रोह्याला नेमणुकीस होतो. आता निवृत्त आहे, पण त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात फेऱ्या मारतो. कारण कागदावर तो तपास पूर्ण झाला, पण तेवढ्याने प्रकरण संपलं नाही. नाव मी कोणाचंच घेणार नाही. नावांशिवायही ही हकीकत पुरेशी लाज आणणारी आहे.

गणपती विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते. आजी सकाळच्या हजेरीच्या वेळेलाच ठाण्यात आल्या. काखेत पिशवी, मागे मुलगा. मुलाचा चेहरा असा की कोणी ओळखीचं बघत नाही ना. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदारासमोर त्यांनी पिशवीतून जाड लोकरी कोट काढला. लष्कराच्या हिवाळी वर्दीचा, पितळी बटणांचा.

“ह्यो माझ्या भावाचा कोट नाय,” आजी म्हणाल्या.

“मग कोणाचा आणलात?” हवालदाराने विचारलं.

मुलगा पुढे सरकला. “तसं नाय ओ सायेब. मामा लढाईत गेला. त्याचा कोट आयेनं जपलेला. पेणच्या त्या साहेबांनी पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनाला मागून नेला, वर शाल-नारळ दिला, सर्टिफिकेट दिलं, कोट परत घरी आणून दिला. तेव्हापास्नं ही बोलते, बदललाय. माझी सेकंड शिफ्ट हाय, कंपनीतनं दमून आलो का हिचं तेच चालू. वय झालंय तिचं.”

हवालदार हसला. “आजी, कोट नेला, कोट परत दिला. चोरी झाली कुठं? उद्या म्हणाल, सून बदलली!”

“सून बदलली असती तर पेढे वाटले असते,” आजी म्हणाल्या. “तुझ्याकडं कशाला आले असते?”

हशा झाला, मुलगाही हसला. आजी हसल्या नाहीत. मी त्यांना माझ्या खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, कशावरून म्हणता?

त्यांनी सांगितलं ते असं. भाऊ गेला तेव्हा त्याचं शरीर गावी आलं नाही. आली ती ट्रंक. ट्रंकेत हा कोट. आई असेपर्यंत आईने सांभाळला, मग बहिणीने. दरवर्षी भाऊबीजेला आजी पाट मांडतात, कोट पाटावर ठेवतात, टिळा लावतात आणि ओवाळतात. टिळा कुठे लावायचा तर कॉलरच्या आतल्या बाजूला. “भायेर डाग पडला तर रागवंल तो. वर्दीला डाग नको म्हनायचा.” इतक्या भाऊबीजांचं कुंकू कॉलरच्या आत मुरलं होतं. ह्या कोटाच्या कॉलरला कुंकवाचा कणही नव्हता.

“त्यांनी ड्रायक्लीन करून दिलाय गो आये,” मुलगा म्हणाला. “किती येळा सांगायचं?”

“आणखी काही खूण?” मी विचारलं.

आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमच्या पाठच्या भावाला तुम्ही कसं वळखता सायेब? नाकावरून?”

पुढे त्या एवढंच म्हणाल्या, की भाऊबीज जवळ आली आहे. परक्याच्या कोटाला त्या ओवाळणार नाहीत, आणि भावाला तसंच ठेवणार नाहीत. मग काय करायचं ते मी सांगावं.

मी अर्ज लिहून घेतला, कोट पंचांसमोर ताब्यात घेतला आणि स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली. हवालदाराच्या कपाळावर आठी पडली. पडू दे. तक्रारदाराला पटवून देता येत नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. कारण शोधणं हे पोलिसाचं काम आहे. त्याचा पगार त्यासाठी आहे.

पेणच्या त्या गृहस्थांना मी चौकशीला बोलावलं. ते लगेच आले. पांढरा स्वच्छ सदरा, कपाळावर गंध, हातात प्रदर्शनाच्या फोटोंचा अल्बम. जुन्या लष्करी वस्तूंचा संग्रह करणारे म्हणून तालुक्यात त्यांचा मान होता. शाळांमधून व्याख्यानं द्यायचे. माझ्यासमोर त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि मलाच धडा दिला.

“साहेब, वर्दी ओळखण्याचं शास्त्र असतं. आधी बटण बघायचं, मग बिल्ला, मग कापड. बघा बटणाची मागची बाजू. बघा हे कापड, असं आता गिरणीत निघतं का? कोट शंभर टक्के खरा आहे. हवं तर लेखी देतो. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. आपण समजून घ्यायचं.”

बटण जुनं होतं. कापड जुनं होतं. बिल्ला खोटा म्हणावा असं माझ्याजवळ काही नव्हतं. मी त्यांना जाऊ दिलं, पण जाण्याआधी ‘कोट खरा आहे’ हे त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं. त्यांनी आनंदाने लिहून दिलं. आम्ही चहा पाजला. त्यांनी मला पुढच्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं.

मी बेचैन होतो. फाईल उघडायचो, मिटायचो. रस्त्यात आजींचा मुलगा दिसला की तो मान खाली घालून म्हणायचा, “सायेब, जाऊ दे ना.” सरपंचांचा फोन आला, की मोठ्या माणसाला विनाकारण त्रास होतोय. मग वरिष्ठांनीही विचारलं, त्या कोटाचं काय चाललंय? या सगळ्यांना घाई होती ती प्रकरण मिटवायची. मला घाई होती ती भाऊबीजेची.

त्यात खबर आली. कोलाडला हायवेवर हॉटेल चालवणारा एक ओळखीचा माणूस होता. तो फोनवर म्हणाला, “तुमचा तो गंधवाला साहेब हाय ना, तो मुंबईच्या एका पाव्हन्याला घेऊन येतो हितं. गाडीची डिकी उघडतात नि कपडे बघतात. मला वाटलं साड्यांचा धंदा. पन पाव्हना मिल्ट्रीचे कोट असे चाचपून बघत होता, जसा बैल घ्यायला आलाय. दसऱ्यानंतर परत येनार बोलला.”

आता आजी खऱ्या असल्याची मला खात्री झाली. पण खात्रीवर झडती घेता येत नाही. गाडीत कोट सापडले तरी गृहस्थ म्हणणार, माझा संग्रह आहे. डिकीतला कोट आजींचा ठरवायचा, तर आधी माझ्या टेबलावरचा कोट नकली ठरायला हवा होता. आणि तो तर सगळ्या परीक्षांत पास झालेला.

तिढा सुटला तो एका सकाळी, हजेरीला.

एका तरुण शिपायाने नवी वर्दी शिवून घेतली होती. तो माझ्यासमोर आला, कडक सॅल्यूट मारला, आणि त्याचा सगळा शर्ट पॅन्टमधून वर आला. पोट उघडं पडलं.

“अरे, शिंप्याने काय झबलं शिवलं का तुझं?” हवालदार ओरडला. सगळे खो खो हसले. पोरगा लाजून शर्ट खोचायला लागला.

मी हसता हसता थांबलो. वर्दी मी आयुष्यभर घातली आहे. बगलेतला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, उंच आणि घट्ट कापलेला असेल तर हात कपाळाला जातो आणि शर्ट कमरेला राहतो. मुंढा खोल आणि सैल सोडला, की हाताबरोबर सगळं अंग वर चढतं. उभं राहिल्यावर मात्र सैल मुंढ्याची बाही सुरेख दिसते, एक चुणी पडत नाही. म्हणून हौशी लोकांना ती आवडते. सैनिकाला ती चालत नाही. त्याला रायफल उचलायची असते, चढायचं असतं, आणि दिवसातून कितीतरी वेळा सॅल्यूट मारायचा असतो.

मी त्याच शिपायाला खोलीत नेलं आणि तो कोट घालायला दिला. कोट नुसता उभ्यावर बघाल तर चित्रातला. म्हटलं, मार सॅल्यूट. हात खांद्याच्या वर जाईना. त्याने जोर केला तसा सगळा कोट छातीवर गोळा झाला आणि खालचं बटण ताणलं गेलं.

मी कोट उलटा केला. आतल्या शिवणी पाहिल्या. सरकारी वर्दीत शिवणीच्या आत कापड राखून ठेवतात. शिंपी त्याला माया म्हणतात. एकाचा कोट दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर उसवून मोठा करता येतो. ह्या कोटात माया नव्हतीच. शिवणीलगत कापड साफ कातरून टाकलेलं, वरून फुगवटा दिसू नये म्हणून.

हा कोट कधीच हात न उचलणाऱ्या अंगासाठी शिवला होता. असं अंग कोणाचं असतं?

गणपतीच्या बंदोबस्तासाठी मी पेणला अनेकदा गेलो होतो. तिथे मूर्तींचे कारखाने घरोघर आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण देवाला खऱ्या कापडाचं धोतर नेसवणारे, फेटा बांधणारे, मंडळांच्या देखाव्यातल्या पुतळ्यांना कपडे शिवणारे कारागीरही तिथेच आहेत. देखाव्यात सैनिक उभे असतात. सावधान. हात मांडीला चिकटलेले.

पेणच्या ठाण्यात कल्पना देऊन मी साध्या कपड्यांत चौकशीला निघालो. असं काम करणारे मोजकेच. त्यातला एक त्या गृहस्थांच्या प्रदर्शनाला पुतळे पुरवणारा निघाला. नवरात्राच्या देवींचं काम चाललं होतं. रंगाचा वास, कंप्रेसरचा आवाज, आणि तो पन्नाशीचा माणूस देवीच्या निऱ्या एकेक बसवत होता. मी ओळख सांगितली आणि कोट समोर ठेवला.

“हा तुम्ही शिवलात?”

“नाही.” निरीवरचा हातही हलला नाही.

“अगदी वाईट शिवलाय म्हणून विचारलं.”

हात थांबला. “वाईट?”

“मुंढा चुकलाय. आमच्या पोराने घातला तर हात वर जाईना. कोणा नवशिक्याने शिवलेला दिसतोय.”

“नवशिक्या?” तो उठलाच. कोट हातात घेतला, बाही झटकली. “ही बाही बघा साहेब. एक चुणी दाखवा, माझं काम सोडून देतो. घालायला कोणी सांगितला होता? पुतळा कुठं सॅल्यूट मारतो?”

कारखान्यात कंप्रेसर चालूच होता. तो माणूस मात्र हळूहळू खाली बसला.

“साहेब, मी चोरी नाही केली,” तो म्हणाला.

“मग काय केलंत ते सांगा.”

त्याने सांगितलं. गृहस्थ त्याच्याकडे कोट आणून द्यायचे, जुनं कापड आणि बटणं द्यायचे, आणि हुबेहूब दुसरा मागायचे. सांगणं असं, की खऱ्या वर्द्या नाजूक झाल्या आहेत, प्रदर्शनात पुतळ्यांवर नकला घालू, खऱ्या जपून ठेवू. बाकी सगळं त्याने नमुन्याप्रमाणे केलं. काजाला काज, खिशाला खिसा.

“मग मुंढा का बदललात? नमुना समोर होता ना?”

“खरा कोट पुतळ्यावर चढवला तर बगलेत चोळामोळा व्हायचा. हात खाली सोडला की घड्या पडायच्या. म्हटलं, पलटणीच्या शिंप्याची चूक असणार. म्हणून मी सुधारला.”

सुधारला! ज्या घडीत भावाचा हात उचलला जात होता, ती घडी या माणसाला दोष वाटली. तो लबाड नव्हता. देवाला आणि पुतळ्याला कपडे घालत त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याच्या हाताखालून गेलेलं एकही अंग कधी हललं नव्हतं. मी त्याचा जबाब नोंदवला. विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. गृहस्थांना त्याचा सुगावा लागू दिला नाही.

दसऱ्यानंतर कोलाडला सापळा लावला. दुपारची वेळ, हॉटेलात गर्दी. पंच बरोबर, चित्रीकरणाची सोय केलेली. गाडी आली, डिकी उघडली, पाहुण्याने कोट उचलला आणि आम्ही पुढे झालो.

गृहस्थ जराही गडबडले नाहीत. “माझा संग्रह आहे साहेब. दाखवायला आणलाय.”

मी पिशवीतून आजींना मिळालेला कोट काढून डिकीवर ठेवला. “आणि हा?”

“त्या बाईंचा. खरा आहे. लिहून दिलंय मी.”

“मग एकदा अंगात घाला आणि सॅल्यूट मारा.”

त्यांनी हात पुढे केला नाही. पण मुंबईच्या पाहुण्याने केला. तो या धंद्यात मुरलेला होता. त्याने ना बटण पाहिलं ना बिल्ला. कोट उलटा केला, बगलेत मूठ घातली आणि तोंड वाकडं केलं.

“अरे, ये तो नाटक का माल है.” मग गृहस्थांकडे वळून, घाबरलेल्या आवाजात, “शेठ, मेरे को जो दिया वो भी ऐसाच है क्या?”

गृहस्थांचा चेहरा तेव्हा पडला.

डिकीत एकसारखे दिसणारे बरेच कोट होते. आजींचा कोणता? ओळख पटवण्यासाठी आजींना बोलावलं. पंचांसमोर कोट ओळीने मांडले. आजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकापाशी थांबल्या. उचलला नाही. नुसता हात ठेवला.

“ह्यो.”

“कशावरून?” पंचांनी विचारलं.

आजींनी कॉलर उलटून दाखवली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. कॉलर स्वच्छ होती. विकायचा म्हणून खरा कोटही धुतला होता. ड्रायक्लीनची गोष्ट तेवढी खरी निघाली. इतक्या वर्षांचं कुंकू गेलं होतं. मुलगा पहिल्यांदाच आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. “धुतला त्यांनी, आये,” एवढंच म्हणाला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

कायद्याला कारण लागतं. मी टेप मागवली. नकली कोट त्या कोटाशेजारी मांडला आणि पंचांना मोजायला सांगितलं. लांबी तीच, छाती तीच, खिशांतलं अंतर तेच, काजांच्या जागा त्याच. दुसऱ्या कुठल्याही कोटाशी ते माप जुळेना. फरक फक्त मुंढ्यात. कारागिराने नमुना इतका इमानाने उतरवला होता, की त्याची नक्कलच आजींची साक्षीदार झाली.

पण जप्त केलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. खटला संपेपर्यंत तो ठाण्याच्या खोलीत कुलपात राहतो. भाऊबीज तोंडावर आली होती. मी आजींना न्यायालयात अर्ज करायला लावला आणि स्वतः पाठपुरावा केला. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी आदेश मिळाला. कोट सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन, आजींच्या ताब्यात द्यावा. अट अशी. खटला संपेपर्यंत मुद्देमालात कोणताही बदल करू नये, डाग पाडू नये, मागितल्यास हजर करावा.

कोट मी स्वतः निडीला नेला. अट वाचून दाखवली. आजींनी ऐकून घेतली.

“मग टिळा कुठं लावू?”

कायदा माझ्या बाजूने होता आणि मी त्या अंगणात मान खाली घालून उभा होतो. आजींनी भाऊबीजेला कोट पाटावर ठेवला, ओवाळलं, आणि कुंकवाचं बोट कॉलरपाशी नेऊन तसंच मागे घेतलं. हे मला मुलाने नंतर सांगितलं. ठाण्यात येऊन सांगितलं, आणि यावेळी मान वर करून.

खटला अजून उभा आहे. तारखा पडताहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? फसवणारा माणूस आपल्याला कुठे बघायचं ते शिकवतो. बटण बघा, बिल्ला बघा, शाल बघा, सर्टिफिकेट बघा. आपण आज्ञाधारकपणे तेवढंच बघतो. शहीद म्हणून भाषणं ठोकणारे, हार घालणारे, फोटो काढणारे, त्यांच्यातल्या एकाने तरी कोट उलटून पाहिला होता का? कपडा कशासाठी शिवला होता, हे कोणी विचारलं नाही. शंका आली ती एका बाईला. आणि तिला आपण काय म्हटलं? वय झालंय.

माझं मन अजून अस्वस्थ आहे ते यासाठी. त्या डिकीतले बाकीचे कोट कोणाचे आहेत हे आम्हाला कळलं नाही. कारागिराने किती नकला केल्या ते त्यालाही आठवत नव्हतं, आणि गृहस्थ तोंड उघडायला तयार नाहीत. म्हणजे पेण आणि रोह्याच्या गावांत, आज या क्षणी, काही घरांतल्या ट्रंकांमध्ये पुतळ्यांचे कोट जपून ठेवलेले आहेत. त्यांना हार घातले जाताहेत. आणि खरे कोट मुद्देमाल खोलीत, चिठ्ठ्या लावून, आपल्या माणसांची वाट बघताहेत.

म्हणून हे वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या किंवा शेजारच्या घरात लढाईवर गेलेल्या माणसाची वर्दी असेल, आणि ती कधी कोणी प्रदर्शनाला नेली असेल, तर ती बाहेर काढा. घरातल्या ज्याच्या अंगाला बसते त्याला घालायला द्या, आणि उजवा हात कपाळापर्यंत न्यायला सांगा. हात अडला आणि कोट वर चढला, तर एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण ठाण्यात जायला तेवढं कारण पुरेसं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. तिथे कोणी हसलं, तर हसू द्या. अर्ज लिहून घेतल्याशिवाय उठू नका.